शहराचं हित शोधा: अकराव्या मजल्यावरून खाली उतरताना

आजचे वाचन: यिर्मया २९:४-१४, योना ४, नहेम्या २:११-१६



आजचं मनन थोडं लांब आहे. ऑफिसच्या बसमध्ये वाचत असाल तर दोन भागांत वाचा. हिंजवडीचा सिग्नल लागला असेल तर एका बैठकीतही होऊन जाईल!

दर शुक्रवारी रात्री साडेआठला आमच्या घरी प्रार्थनेचा छोटा गट जमतो. आम्ही आठ-नऊ जण असतो. बहुतेक आयटीवाले, एक ताई नर्स आहेत, एक दादा बँकेत आहेत आणि सगळ्यात धाकटा जालन्याहून आलेला मुलगा. मी स्वतः नगरचा. म्हणजे आमच्यात पुण्यात जन्मलेलं जवळजवळ कोणीच नाही. आणि घर वाकडला असल्यामुळे पेठेतला माणूस म्हणेल की हे पुणं नाहीच! तेही खरंच आहे, आमची महापालिकासुद्धा पिंपरी-चिंचवडची. पण बायोडेटावर, नातेवाइकांच्या तोंडी आणि आमच्या प्रार्थनेत शहर एकच: पुणे.

गेल्या वर्षी गटात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला. देवाने आपल्याला या शहरात कशासाठी आणलं? नोकरीसाठी, हे उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणालाच पुरत नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं की तीन महिने फक्त शहरासाठी प्रार्थना करायची. मी एक्सेलमध्ये यादी केली. इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार? बारा मुद्दे: महापालिका, पोलीस, वाहतूक, मंडळ्यांमधली एकी, शाळा-कॉलेज, बेरोजगार युवक, रुग्णालयं, नद्या वगैरे. जेवण झालं की आम्ही अकराव्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहायचो, खाली दिव्यांचं शहर दिसायचं, आणि हात पुढे करून एकेक मुद्दा घेत प्रार्थना करायचो.

खरं सांगतो, छान वाटायचं. वारा यायचा, शहर सुंदर दिसायचं आणि आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटायचं. पण तीन महिन्यांनी तो प्रश्न होता तिथेच होता.

पत्र कोणाला लिहिलं होतं?

यिर्मया २९:११ हे वचन आपल्यापैकी अर्ध्या लोकांच्या स्टेटसवर कधी ना कधी असतं. देवाच्या मनात आपल्यासाठी हिताचे विचार आहेत, तो आपल्याला भवितव्य आणि आशा देणार आहे. कपावर हे वचन, कॅलेंडरवर हे वचन, लग्नाच्या पत्रिकेवरही हे वचन. पण हे वचन एका पत्रातलं आहे आणि ते पत्र ज्यांना मिळालं त्यांची अवस्था आपण सहसा वाचत नाही.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधून राजाला, कारागिरांना, लोहारांना, शिकल्यासवरलेल्या लोकांना उचलून नेलं. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: परत कधी जायचं? आदल्याच अध्यायात, म्हणजे २८ व्या अध्यायात, हनन्या नावाचा संदेष्टा त्याचं उत्तर देतो. तो म्हणतो, दोन वर्षं. दोन वर्षांत मंदिरातली पात्रं परत येतील, बंदिवान परत येतील, सगळं पूर्वीसारखं होईल. ऐकायला किती बरं वाटतं!

यिर्मया मात्र सत्तर वर्षं सांगतो. आणि तोवर काय करायचं? घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या. आणि ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलं आहे त्याचं हित शोधा, त्याच्यासाठी माझ्याकडे प्रार्थना करा, कारण त्याच्या हितातच तुमचं हित आहे.

सातव्या वचनात मूळ हिब्रूमध्ये 'शालोम' हा शब्द तीन वेळा येतो. शालोम म्हणजे नुसती शांतता नाही. पोट भरलेलं असणं, न्याय मिळणं, नाती नीट असणं, अंगणात पोरं निर्धास्त खेळणं, हे सगळं त्यात आलं. आणि 'शोधा' यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, 'दरश', तेच तेराव्या वचनात पुन्हा येतं. तिथे देव म्हणतो की तुम्ही मनापासून माझा शोध कराल तेव्हा मी तुम्हाला सापडेन. शहराच्या हिताचा शोध आणि देवाचा शोध, दोन्हींसाठी एकच क्रियापद! हे मला त्या शुक्रवारी गटात शिकवायचं होतं. मी स्लाइड्सही तयार केल्या होत्या.

स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली, "तू बाहेर यिर्मया शिकवतोस, पण घरात हनन्या आहेस."

मी गप्प झालो. कारण ते खरं होतं. मी अकरा वर्षं पुण्यात आहे आणि अकरा वर्षं म्हणतोय, "अजून दोन वर्षं, मग बघू." आमचा कॅनडाचा अर्ज चालू आहे. त्यामुळे मुलीला कोणत्या शाळेत घालायचं हे 'तात्पुरतं'. सोसायटीच्या मीटिंगला जायचं नाही, 'आपल्याला काय करायचंय'. मुलीला गॅलरीत कढीपत्त्याचं रोप हवं होतं, तर मी म्हटलं, "जाताना कोणाला देणार ते?" देव म्हणतो बागा लावा, आणि मी एक कुंडी आणत नव्हतो.

योनाची गॅलरी

त्या आठवड्यात योनाचा चौथा अध्याय वाचताना मला आमची गॅलरी दिसली. निनवेला संदेश सांगून झाल्यावर योना शहराबाहेर जातो, पूर्वेकडे मांडव घालतो आणि सावलीत बसून बघतो की आता शहराचं काय होतंय. त्याला शहर दिसतंय, पण शहरातली माणसं दिसत नाहीत. त्याला सावली देणारं झाड वाळलं याचं दुःख होतं. देव त्याला विचारतो की तू न लावलेल्या झाडासाठी एवढा कळवळलास, मग ज्या शहरात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि गुरंढोरंही आहेत, त्याच्यासाठी मी कळवळू नको का?

देवाला माणसांचा आकडा माहीत आहे. गुरंसुद्धा त्याच्या हिशोबात आहेत. योनाजवळ फक्त चांगला व्ह्यू होता.

याउलट नहेम्या बघा. यरुशलेमची वाईट बातमी आली तेव्हा तो शूशनमध्ये होता. रडला, उपास केला, जवळजवळ चार महिने प्रार्थना केली. पण तो तिथेच थांबला नाही. यरुशलेमला पोहोचून तीन दिवस झाल्यावर तो रात्री उठला, थोडी माणसं बरोबर घेतली आणि पडलेल्या भिंतींच्या कडेने फिरला. भाषण नाही, घोषणा नाही. एका ठिकाणी तर वाट इतकी अडली होती की त्याच्या जनावराला पुढे जाता येईना. हे त्याला शूशनच्या राजवाड्यात बसून कधी कळलं असतं का? आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद पडल्यावर आधी लॉग वाचायचे असतात. लॉग न वाचता उपाय सुचवणारा माणूस प्रत्येक टीममध्ये असतो. प्रार्थनेच्या गटात तो माणूस मी होतो.

म्हणून ठरलं. एका शनिवारी सकाळी सात वाजता शनिवारवाड्यापाशी जमायचं, आणि जुन्या शहरातून चालत, बघत, मनातल्या मनात प्रार्थना करत जायचं. नर्सताईंची नाइट ड्यूटी संपलेली, त्या तशाच थेट आल्या. आम्ही गाड्या शनिवार पेठेतल्या एका गल्लीत, बंद दुकानासमोर लावल्या आणि निघालो.

चालताना काय दिसलं

मी आदल्या रात्री थोडा अभ्यास करून गेलो होतो. आधी बुधवार पेठेत, जिथे भिडे वाडा होता त्या जागी थांबलो. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. जोतीराव स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. आणि सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या, त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना झालेल्या प्लेगने. नर्सताई बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "शहराचं हित शोधणं म्हणजे असं असतं." फुले दांपत्य आपल्या मंडळीतलं नव्हतं. पण देवाला या शहराचं हित हवं होतं तेव्हा त्याने आमची वाट पाहिली नव्हती, हे तिथे उभं राहून फार स्पष्ट दिसलं.

पुढे गुरुवार पेठेत पंचहौद. पवित्र नाम देवालयाचा तो उंच मनोरा. १८९० मध्ये इथल्या मिशनमध्ये पुण्यातल्या नामवंतांना चहा दिला गेला, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. त्या चहावरून शहरात केवढा गदारोळ झाला! बहिष्काराची भाषा झाली, पुढे प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एक कप चहा!

त्याच १८९० साली पंडिता रमाबाई मुंबईहून आपलं शारदा सदन पुण्यात घेऊन आल्या. खरं तर या शहराशी त्यांचं नातं त्याआधीचं. १८८२ मध्ये त्या पहिल्यांदा इथे राहायला आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या विधवा होत्या, बरोबर तान्ही मनोरमा. आईवडील आधीच दुष्काळात गेलेले. अशा बाईने स्वतःसाठी सहानुभूती मागितली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. पण त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे जाऊन सांगितलं की बायकांना शिकवायला स्त्री-शिक्षक हव्यात, बायकांवर उपचार करायला स्त्री-डॉक्टर हव्यात. हे त्यांना गॅलरीतून दिसलं नव्हतं. हे माजघरात बसून, बायकांचं ऐकून कळलेलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परत आल्यावर पुण्याने त्यांचं नेहमी स्वागतच केलं असं नाही. टीका झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्यांनी मुलींना आसरा देणं सोडलं नाही. पुढे काम केडगावला गेलं, दुष्काळातल्या मुली तिथे आल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी घालवली.

शेवटी नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चपाशी पोहोचलो. पेशव्यांच्या सैन्यात ख्रिस्ती सैनिक होते, त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये, ही जागा मिळाली. म्हणजे इंग्रजांचं राज्य इथे येण्याच्या पंचवीस वर्षं आधी!

हे वाचून मला जे वाटलं ते इथे सांगायलाच हवं. माझं आडनाव मराठी, घरची भाषा मराठी, आईच्या हातचं पिठलं-भाकरी मराठी. तरी ऑफिसमध्ये डब्याच्या वेळी कोणीतरी विचारतंच, "तुम्ही ख्रिश्चन? मग तुम्ही मूळचे कुठले?" प्रश्न वाईट हेतूने नसतो. पण वर्षानुवर्षं ऐकून आपण स्वतःच मनात पाहुणे होऊन बसतो. मग यिर्मया वाचताना आपण पटकन स्वतःला बंदिवान आणि शहराला बाबेल समजतो. तिथे उभं राहून मला कळलं की पुणे माझं बाबेल नाही. मला इथे कोणी बेड्या घालून आणलेलं नाही. आणि बाबेलसारख्या शत्रूच्या शहराचंही हित शोधा असं जर देव सांगतो, तर स्वतःच्या शहराबद्दल तो किती जास्त सांगत असेल!

"शहरात माझंही दुकान येतं ना?"

मन भरून आलं होतं. परत गल्लीत आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. ठरल्याप्रमाणे गाड्यांपाशी गोल करून शेवटची प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटून म्हणत होतो, "प्रभू, या शहरातल्या प्रत्येक..."

"गाड्या तुमच्या का हो?"

डोळे उघडले. सत्तरीचे एक काका कमरेवर हात ठेवून उभे. मागे टेम्पो, त्यात स्टीलच्या भांड्यांची खोकी. दुकान साडेनऊला उघडलेलं आणि आमच्या चार गाड्या बरोबर दारात. माल उतरवता येत नव्हता, टेम्पोवाला वैतागलेला.

मी गडबडून म्हटलं, "सॉरी काका. आम्ही शहरासाठी प्रार्थना करायला आलो होतो."

काकांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "करा की. प्रार्थनेला कोण नको म्हणतंय? पण शहरात माझंही दुकान येतं ना?"

प्रियांनो, मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत. यिर्मया २९:७ वर एवढं चपखल भाष्य मी ऐकलेलं नाही.

आम्ही गाड्या काढल्या. पण नुसतं निघून जायची लाज वाटली, म्हणून सगळ्यांनी मिळून खोकी उतरवली. पंधरा मिनिटांचं काम. काकांचा राग मावळला आणि त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. आठ जणांना आठ ग्लास. तासाभरापूर्वीच पंचहौदच्या चहाची गोष्ट ऐकलेली, त्यामुळे आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. काकांना कारण सांगितलं तर तेही हसले.

मग ते बोलत राहिले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ते लहान होते. घरात पाणी शिरलं, सगळं वाहून गेलं, आठ दिवस त्यांना ओळख ना पाळख अशा एका कुटुंबाने ठेवून घेतलं. "पाण्यासाठी प्रार्थना करत असाल तर दोन्ही बाजूंनी करा," काका म्हणाले, "यावं म्हणूनही आणि फार येऊ नये म्हणूनही."

बोलता बोलता त्यांनी एकेकाला विचारलं, काय करता. आयटी. आयटी. बँक. नर्स. आमच्या जालन्याच्या मुलापाशी आले. तो चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "सध्या काही नाही. दोन महिने झाले."

आमच्यापैकी कोणालाही हे माहीत नव्हतं.

दोन महिने तो दर शुक्रवारी आमच्या घरी येत होता. आमच्या यादीतला सहावा मुद्दा 'पुण्यातील बेरोजगार युवक' होता. मी तो मुद्दा मोठ्याने वाचायचो, आणि तो माझ्या शेजारी उभा राहून "आमेन" म्हणायचा. नंतर कळलं, पीजीवाल्याचं भाडं थकलं होतं आणि शुक्रवारी रात्री आमच्याकडचं जेवण हे त्याचं दिवसातलं एकमेव जेवण असायचं. त्याने आम्हाला का सांगितलं नाही? मी विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुम्ही सगळे इतक्या मोठ्या गोष्टींसाठी प्रार्थना करत होता. माझं छोटं वाटलं."

हे वाक्य लिहिताना आजही घशाशी आवंढा येतो. ज्या माणसाने त्याला एका प्रश्नात बोलतं केलं, त्याच्याशी आमची ओळख वीस मिनिटांची होती. त्याने फक्त विचारलं आणि उत्तरासाठी थांबला.

प्रभू येशू यरुशलेमजवळ आला तेव्हा त्याने शहर पाहिलं आणि तो रडला, असं लूक १९:४१ मध्ये आहे. पण लक्षात घ्या, तो रडून तिथूनच मागे फिरला नाही. तो शहरात शिरला. दररोज मंदिरात शिकवत राहिला, लोकांच्या गर्दीत, शेवटी वधस्तंभापर्यंत. येशूने शहरावर लांबून प्रेम केलेलं नाही.

मग आता काय?

चमत्काराची साक्ष द्यायला मला आवडलं असतं. पण जे झालं तेच सांगतो. त्या मुलाला अजून मनासारखी नोकरी नाही. बँकवाल्या दादांनी एक तात्पुरतं काम मिळवून दिलं आहे, मुलाखती चालू आहेत. भाड्याचं आम्ही मिळून पाहिलं. तो आता आठवड्यातून चार दिवस कोणाकडे ना कोणाकडे जेवतो, आणि आमच्या मुलीला गणित शिकवतो.

मी सोसायटीच्या मीटिंगला गेलो. तिथे पाण्याच्या टँकरवरून भांडण चालू होतं. सगळ्यात कंटाळवाणं काम कोणीच घेत नव्हतं, टँकरची नोंदवही ठेवणं. मी घेतलं. महिनाभराच्या नोंदी एक्सेलमध्ये टाकल्यावर दिसलं की एका विंगमध्ये रात्री विनाकारण पाणी कमी होतंय. बघितलं तर वरच्या टाकीचा बॉलकॉक खराब होता आणि पहाटे पाणी वाहून जात होतं. पाण्याचा प्रश्न सुटला का? नाही. पण थोडे टँकर कमी लागतात. आणि पहाटे साडेपाचला टँकर घेऊन येणाऱ्या दादांच्या बायकोचं ऑपरेशन आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रार्थना करता येते. ज्या एक्सेलमध्ये पूर्वी बारा मोठे मुद्दे होते, त्यात आता माणसांची नावं आहेत.

कॅनडाचा अर्ज मी मागे घेतलेला नाही. देव अब्राहामाला 'नीघ' म्हणाला होता, तसं आम्हालाही म्हणू शकतो. या वचनाचा अर्थ 'कुठेही जाऊ नका' असा नाही. अर्थ असा की देवाने जिथे आज ठेवलं आहे तिथे आज पूर्ण राहा. हनन्याच्या दोन वर्षांत जगू नका. गॅलरीत आता कढीपत्त्याची कुंडी आहे. जायची वेळ आलीच तर शेजारच्या काकूंना देऊ, त्यांची आणि आमची आता ओळख आहे.

आणि तो प्रश्न, देवाने आपल्याला या शहरात कशासाठी आणलं? गॅलरीत उभं राहून विचारत होतो तेव्हा उत्तर आलं नाही. आता शुक्रवारी तो प्रश्न कोणी विचारत नाही. वेळच होत नाही, कारण बोलायला आठवडाभराची माणसं असतात. शहराच्या हितात तुमचं हित आहे असं देवाने आधीच लिहून ठेवलं होतं. आम्ही आमचं हित वेगळं आणि शहराचं वेगळं धरून चाललो होतो, म्हणून दोन्ही सापडत नव्हती.

या आठवड्यासाठी

१. यिर्मया २९:४-१४ सलग वाचा. अकरावं वचन आलं की थांबून पाचव्या वचनाकडे परत जा.

२. तुमच्या आयुष्यात 'अजून दोन वर्षं' असं म्हणून काय काय थांबवून ठेवलं आहे? एक गोष्ट लिहा, आणि शक्य असेल तर सुरू करा.

३. तुमच्या प्रार्थनेच्या यादीतला सगळ्यात मोठा शब्द निवडा. युवक, गरीब, आजारी, जो असेल तो. त्या शब्दाच्या जागी एका ओळखीच्या माणसाचं नाव लिहिता येतं का बघा. येत नसेल तर या आठवड्यात एकाला विचारा, आणि उत्तरासाठी थांबा.

४. आणि हो, प्रार्थनेला जाताना गाडी नीट लावा.

प्रार्थना

हे प्रभू, तू शहराकडे पाहून रडलास आणि शहरात आलास. आम्हाला लांबून बघण्याची सवय लागली आहे, आम्हाला क्षमा कर. आमच्या शेजारी उभं राहून आमेन म्हणणारा माणूस आम्हाला दिसू दे. ज्या गल्लीत आम्ही राहतो तिथलं हित शोधायला आम्हाला पाय दे, विचारायला धीर दे आणि ऐकायला वेळ दे. आमचं राहणं किती दिवसांचं आहे हे तुला ठाऊक आहे. जितके दिवस आहेत तितके दिवस आम्हाला इथे मनापासून राहू दे. येशूच्या नावात, आमेन.

उद्या नहेम्याचा तिसरा अध्याय घेऊ. त्यात नुसती नावंच नावं आहेत म्हणून आपण तो गाळून पुढे जातो. उद्या गाळायचा नाही.